सोळा भोकं

घोटीहून पेंढा आला लहानू भोरच्या टेम्पोतून,
इंद्रायणीचा, यंदाचा, वासाला गोडसर.
जेल रोडच्या आमच्या सोसायटीत वॉचमनने विचारलं,
"काका, गाय घेतली काय?"
म्हटलं, हो, दुसऱ्या मजल्यावर.

कोयत्याने बोटबोट तुकडे केले,
रात्रभर पिंपात भिजवले,
सकाळी उकळत्या पाण्यात तासभर.
मग मुठीत पिळून पाहायचं:
थेंब गळला तर अजून निथळू द्यायचा,
तळहात कोरडा राहिला तर फुकट गेला.
नुसतं घामेजलं पाहिजे,
पेपर हातात पडायच्या आधी हात घामेजतो तसं.

थर पेंढ्याचा, वर चिमूटभर बियाणं,
म्हणजे गव्हाचेच दाणे, पांढऱ्या बुरशीने शहारलेले.
पुन्हा थर, पुन्हा चिमूट, वर सुतळीची गाठ.
पिशवीला भोकं सोळा. मोजून.

मोजायची खोड जुनी.
नोटांच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी नुसतं बघितलं.
कोरे करकरीत ताव, एकासारखा एक,
आणि त्यात शोधायची सरकलेली रेघ,
पुसट आकडा, शाईचा एखादा ठिपका जास्तीचा.
दिसला की लाल पेन्सिल.
घरी आल्यावरही पेन्सिल हातातून सुटायची नाही:
आमटीत, चादरीच्या घडीत, इंदूच्या बोलण्यात.
तिने एकदाच सांगितलं होतं तसं.
मी तिच्या वाक्यातली चूक काढली.

खोली भाडेकरूची. विरसिंग पाडवी, नंदुरबारचा,
आयटीआय संपली, पुण्याला लागला.
जाताना गादी नेली, बादली नेली,
छताला चिकटवलेले रेडियमचे तारे राहिले.
दिवा घालवला की थोडा वेळ हिरवट उजळतात,
मग काय सांगायचं होतं ते विसरल्यासारखे विझतात.
त्यांच्याखाली बावीस पिशव्या, अंधारात, दोरीला लटकून.

"कुत्र्याच्या छत्र्या! माझ्या तव्यावर नकोत,"
इंदू म्हणाली, आणि त्या दारापुढून
महिनाभर पदर सावरून गेली.

नवव्या दिवशी पेंढा पांढरा व्हायला लागला,
आतून कुणी सूत कातत बसल्यासारखा.
सात नंबरच्या पिशवीत हिरवी बुरशी चढली,
ती रात्री अकराला गुपचूप खाली नेऊन टाकली.
चौदा नंबर टांगतानाच खिळ्याला अडकून फाटली होती,
गाठीजवळ, बोटभर.
तिच्यावर मी लाल फुली मारून ठेवली होती.

फवारा सकाळ-संध्याकाळ. बाकी काही करायचं नसतं,
तेच अवघड.

तेविसाव्या दिवशी खसखशीएवढं काही,
दुपारी मुगाएवढं,
आणि रात्रीतून तान्ह्या बाळाच्या कानाएवढं.
एकवीस पिशव्यांची मोजून पाडलेली भोकं गप्प,
फुटली ती चौदा नंबर, तीही फाटल्या जागेतून.
मी चष्मा पुसला. फुली तशीच होती.

पण देठ लांबच लांब, टोप्या बारक्या,
माना ताणून कुणाला तरी हाक मारल्यासारख्या.
मी वही काढून लिहीत होतो:
तारीख, तापमान, दोष.

"गुदमरलीत ती."
दारात इंदू. कोपरापर्यंत भाकरीचं पीठ.
"दार लावून घेऊन वाढवतं का कुणी काही?"
उत्तराला थांबली नाही.
स्वयंपाकघरातून वरवंटा आणला
आणि दाराला टेकवून ठेवला, उघडं राहील असा.

त्या रात्री घरभर ओल्या पेंढ्याचा वास.
ती झोपेत शिंकली.
पुन्हा शिंकली.
तिसऱ्यांदा शिंकली तेव्हा मी उठलो,
दिवा न लावता, तांब्या चाचपत.